जाड वायरचा टेप

गेल्या साली आमच्या गाडीच्या टेपाचा आवाज बसला. माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं.

गाडी बावीस वर्षांची, मी बहात्तरचा. दोघांपैकी बिघडणार कोण, हे उघड आहे. तरी घरची माणसं गाडीत बसली की "आबा, टेप कमी करा, डोकं फुटून राह्यलं!" म्हणून ओरडायची. (ओरडायची म्हणजे, तोंडावरून तसं दिसायचं.)

मी चौथी शिकलेला माणूस. चौथी पास की नापास, हे ज्या मास्तरांना माहीत होतं ते आता हयात नाहीत. पण गावात चार माणसं बसली की माझा शब्द शेवटचा. समोरच्याचं ऐकू आलं नाही तर काय करायचं, याची मी एक रीत बसवली होती. तो बोलायचा थांबला की मान हलवायची आणि म्हणायचं, "हां, बराबर." दहातल्या आठ वेळा भागतं. राहिलेल्या दोनांत एकदा धाकट्या भावाला, बापूला, विहिरीच्या पाण्याची माझी पाळी देऊन बसलो, आणि एकदा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी अख्ख्या गावाच्या पोळ्या आमच्या घरच्या असं कबूल केलं. दिलेला शब्द मी फिरवत नाही. घरातल्या बाया दोन दिवस पोळ्या लाटत होत्या आणि मला काहीबाही बोलत होत्या. मी कुणाचंच ऐकलं नाही.

मग नातीला, पूजाला, केदारखेड्याचं स्थळ आलं.

आमच्यात बोलणी करायला घरातला सगळ्यात मोठा गडी बसतो. त्यानं हां म्हटलं की सुपारी फुटते, आणि सुपारी फुटली की मागं फिरता येत नाही. म्हणजे मीच बसणार. पण माझा मुलगा विलास, जो घनसावंगीला मास्तर आहे, एक दिवस माझ्यासमोर पाट घेऊन बसला आणि पहिलीच्या पोरांशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला.

"आबा, या बारीला बैठकीत बापूकाकाला बसवू."

"का? मी मेलो का?"

"तसं न्हाई. तुम्ही ऐकत न्हाईत अन् हां म्हणून टाकता. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय."

"हां, बराबर," मी म्हणालो.

मागून आमच्या मंडळीनं, सरूनं, कानाशी येऊन मी काय कबूल केलं ते सांगितलं. मी लगेच सांगून टाकलं की बापानं पोराला दिलेला शब्द शब्दांत धरत नाहीत. बैठकीत मीच बसणार. बापू बसला तर गाव म्हणणार, थोरल्याचं काम संपलं.

सरू एवढ्यावर गप बसणारी नव्हे. "अवो, माझे कान ठणकून राह्यले, जालन्याला चला," म्हणाली. गेलो. डॉक्टरनं तिच्या कानात एकदा डोकावल्यासारखं केलं आणि माझ्या कानात अर्धा तास. दोन्ही कानांना मशीन लागेल म्हणाला. मापं घेतली. मी सरूला बजावलं, "घरात न्हाई, गावात न्हाई, कुठंच बोलायचं न्हाई. आधी सुपारी फुटू दे. मंग घालीन." कानाला मशीन लावून पाव्हण्यापुढं बसायचं म्हणजे बोलणी सुरू व्हायच्या आधीच हरल्यासारखं!

आता घरच्यांची तोंडं बंद करायला एकच इलाज होता. बिघाड टेपात आहे, हे दाखवून द्यायचं. घनसावंगीला सलीमभाईच्या दुकानात गाडी नेली. त्यानं टेप लावला, दोन मिनिटं ऐकला, मग माझ्याकडं पाहिलं.

"आबा, टेप तो बिलकुल बराबर है. खराबी..." त्याचा हात स्वतःच्या कानापर्यंत गेला, आणि माझा चेहरा पाहून तिथंच डोकं खाजवायला लागला.

"नवा दे," मी म्हणालो.

नवा टेप मोठा गुणी होता. फोन आला की आपोआप उचलून त्यातूनच बोलतो म्हणे. सलीमभाईनं दुकानातच माझा फोन त्याला जोडून दाखवला. "गाडीत बसवून देतो, तासभर बसा," म्हणाला. मी म्हणालो, काही गरज नाही. मी तीन पाणबुड्या मोटारी खोलून परत बसवल्यात. (त्यातल्या दोन चालू झाल्या नाहीत, पण बसवल्या हे खरं.)

रविवारी अकराला पाव्हणे घनसावंगीच्या स्टँडवर उतरणार होते, आणि त्यांना आणायला मीच जाणार होतो. गाडी मी चालवतोय, टेप नवा वाजतोय, हे पाहिल्यावर थोरला कामातून गेला असं कोण म्हणेल? सकाळी चहा घेतला आणि पान्हे घेऊन गाडीत शिरलो. जुना टेप काढला. मागं वायरींचं हे जंगल! कोणती कशाची, काही पत्ता लागेना. मग मी डोकं चालवलं. बारीक वायरीतून आवाज बारीक जाणार, जाड वायरीतून जाड. साधा हिशेब आहे. दारांकडं जाणाऱ्या बारीक वायरी सोडून दिल्या आणि दोन चांगल्या जाडजूड निवडून टेपाला जोडल्या.

इथं एक सांगायला पाहिजे. सप्ताह, लसीचा डोस, कुणाची म्हैस हरवली, असली गावची सगळी दवंडी आमच्याच गाडीवरून फिरते. टपावर भोंगा बांधलेला. त्याचा आवाज वाढवणारा डबा मागच्या सीटखाली, आणि गाडी चालू केली की डबा आपोआप चालू व्हायचा, ही सोय मीच केल्ती. त्याच्या वायरी चांगल्या जाडजूड होत्या.

गाडी चालू केली. टेपावर रेडिओ लावला. कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती चालली होती आणि काय सांगू, सहा महिन्यांत पहिल्यांदा मला शब्द न् शब्द कळला! धूळ नको म्हणून काचा वर केल्या तरी कळत होतं. सरू दारातून दोन्ही हात हलवत धावत आली. एवढ्या प्रेमानं तिनं मला कधी निरोप दिला नव्हता. मीही हात हलवला. गल्लीत माणसं घराबाहेर येऊन उभी होती. बापू ओट्यावर उभा राहून आभाळाकडं बोट दाखवत होता. मी आभाळाकडं पाहिलं. ढग नव्हते. जळतो बिचारा, म्हणालो आणि गाडी दामटली.

वाटेतल्या दोन गावांना बोंडअळीची पूर्ण माहिती मिळाली असणार.

घनसावंगीच्या स्टँडसमोर गाडी लावली. पाव्हणे रसवंतीच्या सावलीत उभे दिसले. पोराचे आजोबा पांढऱ्या फेट्यात, आणि मागं त्यांचा मुलगा. मी उतरणार, एवढ्यात टेपातून पोरीचा आवाज आला.

"हॅलो, आबा बोलतात का? जालन्याहून बोलतेय. कानाच्या दवाखान्यातून."

मी आधी काचा पार वरपर्यंत चढल्यात का ते पाहिलं. आपली गोष्ट बाहेर जायला नको.

"कोण?"

"कानाच्या दवाखान्यातून! तुमचं मशीन तयार आहे!"

"कशाचं?"

"कानाचं! दोन्ही कानांचं! डॉक्टर म्हणालेत एकानं भागणार नाही! उजवा थोडा आहे, डावा तर पूर्णच गेलाय!"

"हळू बोल, बाई," मी म्हणालो, "मी चारचौघांत हाय."

बाहेर पाहिलं. रसवंतीचं चाक थांबलं होतं. काळीपिवळी जीपवाला चहाचा कप ओठांपाशी धरून तसाच उभा होता. एसटीच्या खिडकीतून बाया वाकून पाहत होत्या. नव्या टेपाचं लोकांना किती कौतुक! दोघातिघांना मी मान लववून नमस्कार केला. एसटीच्या घरघरीत त्या सगळ्या स्टँडवर ती बातमी नीट ऐकू न आलेला माणूस मी एकटाच होतो. मी तिला आणखी एकदा सांगायला लावलं.

पाव्हणे गाडीपाशी आले. आजोबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. आजारी माणसाचे घेतात तसे. मला वाटलं, माणूस फार नम्र आहे. ते पुढं बसले, त्यांचा मुलगा मागं. मी टेप बंद केला, कारण पाव्हण्याशी बोलायचं होतं. आजोबा रस्ताभर बोलले. रस्त्यावर खड्डे, गाडीचा खडखडाट, त्यात त्यांचे दात नवे. मला काही म्हणजे काही कळलं नाही. ते थांबले की मी म्हणायचो, "हां, बराबर." ते हसायचे. मागचा मुलगा तर रुमालात तोंड घालून बसला होता. बोलणी उत्तम चालली होती.

घरी पोचलो तर विलास ओसरीवर डोकं धरून बसलेला. सरूनं मला बाजूला ओढलं आणि उजव्या कानात तोंड घालून ओरडली, "भोंगा! अवो, सकाळी जाताना भोंगा चालू व्हता! फोन आला असंल तर त्योबी भोंग्यावरच गेला असंल तुमचा!"

मी टपाकडं पाहिलं. मग जाड वायरी आठवल्या. मग स्टँडवरचा जीपवाला आठवला.

तरी मी फेटा नीट केला आणि बैठकीत माझ्या जागेवर जाऊन बसलो. गुडघ्याला गुडघा लावून शेजारी बापू. सरू माझ्या कानाशी. पाव्हण्यांनी घसा साफ केला.

"बोलणी तर गाडीतच झाली," ते म्हणाले. सरूनं ते मला ओरडून सांगितलं. "लग्न जांब समर्थच्या देवळात, पन्नास माणसांत. आबा म्हणले, हां, बराबर."

मी हजार पानांचं जेवण मनात धरलं होतं. गावाला पोळ्या घालणारं घर आमचं!

"देणंघेणं कायबी न्हाई. हां, बराबर. पोरगी लग्नानंतर नोकरी करंल. हां, बराबर. मंग मी म्हणलं, आबा, आज बैठकीत तुमच्या धाकट्याला बसू द्या. हां, बराबर."

बापू खाली बघून हसत होता. विलासचा चेहरा मात्र उजळला. दोन महिने तो मला हेच पटवत होता आणि मी ऐकत नव्हतो.

"अन् शेवटी विचारलं," पाव्हणे डोळे पुसत म्हणाले, "आबा, तुम्हाला ऐकू येत न्हाई ना? तवाबी म्हणले, हां, बराबर!"

ओसरी हसली. भिंतीआडून पूजा हसली. ते मात्र मला ऐकू आलं.

शब्द दिला म्हणजे दिला. मी उठलो, बापूला माझ्या जागेवर बसवलं आणि खांबाला टेकून उभा राहिलो. पण मनाशी पक्कं ठरवलं. आता न ऐकता हां म्हणायचं नाही. जीव गेला तरी नाही.

बापू त्या जागेवर बसल्यावर घामाघूम झाला. त्यानं पाव्हण्याशी काहीतरी बोलून घेतलं, ताटातली सुपारी उचलली आणि माझ्याकडं वळून काहीतरी विचारलं. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. सरू नेमकी चहा आणायला आत गेल्ती. आता मला फसवता का?

"न्हाई!" मी म्हणालो. "बिलकुल न्हाई! त्रिवार न्हाई!"

बापूच्या हातातली सुपारी खाली पडून गडगडत गेली. आत भांडं आपटलं. विलास धावत आला, कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठमोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलं. बापूनं काय विचारलं होतं, ते.

मी कागद लांब धरला. जवळ धरला. उजेडात नेला.

"माझा चष्मा कुठंय?" मी विचारलं.

चष्मा सापडला देव्हाऱ्यात. तो पुसला, घातला, आणि मास्तर पोराचं अक्षर लावत लावत वाचलं: "दादा, पूजाची सुपारी फोडायची ना?" मी ताठ उभा राहिलो आणि घरातला सगळ्यात मोठा गडी म्हणून खड्या आवाजात म्हणालो, "हां!"

तोवर पाव्हण्यांनी खाली पडलेली सुपारी स्वतःच फोडून वाटली होती, आणि पेढ्यांच्या गडबडीत माझं कुणालाच ऐकू गेलं नाही.