नीलिमाताईंची टोपी

माणूस जातो, त्याची तत्त्वं मागे उरतात, असं आमचे जनरल मॅनेजर ओतासान शोकसभेत म्हणाले. नीलिमाताईंच्या यजमानांसाठी मी त्याचं मराठी केलं. तत्त्वांचं मला ठाऊक नाही. दीड महिन्यापूर्वी ताई झोपेतच गेल्या, आणि ऑफिसात उरली ती एक एक्सेल फाइल. तिचं नाव 'टोपी'.

पुण्यातली बँकेची नोकरी सोडून ताई नवऱ्याच्या बदलीमागोमाग कावासाकीला आल्या, काही वर्षं घरी कंटाळल्या आणि आमच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या ऑफिसात लागल्या. मी तिथे दुभाषी. लीगने सॅलरी कॅप आणली, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसलीच पाहिजे, तेव्हा ती बेरीज ताईंकडे आली. कॅपला त्या टोपीच म्हणत. प्रत्येक नावापुढे मराठीत शेरा: 'बसला' किंवा 'बसत नाही'. जपानी सहकारीही 'तोपी' म्हणू लागले. हा भारतीय हिशेबशास्त्रातला शब्द असावा अशी त्यांची समजूत होती. आम्ही ती मोडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओतासाननी एक उंच परदेशी खेळाडू घेतला, आणि टोपीत जागा उरली ती कप्तानाच्या जुन्या पगाराच्या जेमतेम निम्म्याला. लीगला खेळाडूंची यादी पाठवायची मुदत संध्याकाळी पाचची. इतकी वर्षं संघात काढलेला कप्तान दाराबाहेर खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून थांबलेला. साडेचारला ओतासान हळू आवाजात म्हणाले, "उरलेला पगार त्याच्या बायकोला देऊ. मुलांच्या शिबिराची सल्लागार म्हणून. नीलिमासान, तुम्ही फक्त सही करा."

ताईंना जपानी चांगलं येत होतं. तरी त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "समीर, सांग त्यांना. टोपी डोक्यावर बसवायची असते, लीगला घालायची नसते."

याचं जपानी कसं करणार... "नाही म्हणतायत," मी म्हटलं.

"वाक्य बरंच मोठं होतं."

"सारांश तेवढाच आहे."

ओतासान ताठ झाले. "मग कप्तान गेला. त्याला तुम्हीच सांगा. तुमच्या करारावरही बोलावं लागेल."

 पावणेपाचला ताई लॅपटॉप घेऊन बाहेर गेल्या, तो कप्तानासमोर धरला आणि आकड्यावर बोट ठेवलं. "एवढंच बसतं," त्या जपानीत म्हणाल्या. "याहून जास्त कुणी कबूल केलं तर विश्वास ठेवू नका."

पाचला सात मिनिटं उरली. मग कप्तानाने खिशातून सहीचा शिक्का काढला. "दुसऱ्या संघात मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "कुठे उमटवू?"

ताईंचा करारही वाढला. फाइल जपानी सहकाऱ्यांपैकी कुणाला वाचता येत नव्हती.

आता रोज सकाळी ती मी उघडतो. कप्तानाच्या नावापुढे ताईंचा शेरा तसाच आहे: 'बसला'. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या घोट्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तो बाकावर बसला आहे.