पांढरी गाठ

कुणाच्याही घरी गेले की हमीदचाचा आधी जमिनीवर पसरलेल्या वस्तूचा कोपरा उलटून पाहायचे. मग ती शंभर रुपयांची सतरंजी का असेना! धुळ्यात मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी त्यांनी माझी चटईसुद्धा उलटी केली आणि नाक मुरडलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. रंगांवर जीव टाकणाऱ्या बाईला हा माणूस मागची बाजू दाखवत होता.

तरुणपणी मुंबईत एका इराणी व्यापाऱ्याकडे ते जुने गालिचे सांधायला शिकले होते. पुढे धुळ्यात आले, तरी फाटके गालिचे त्यांच्याकडे येतच राहिले. गालिच्याच्या पाठीवरून बोटं फिरवून ते इराणातलं गाव सांगायचे. "हाई तब्रीज. हाई काशान. हाई हमदान, याना आडवा धागा एकेरी शे." रंगाबद्दल विचारलं की म्हणायचे, "रंग फसाडस बाई, गाठ नही फसाडत."

जन्मभर दुसऱ्यांची भोकं बुजवली, आता एक गालिचा आपला, म्हणून उतारवयात चाचा-चाचींनी घरातच माग उभा केला. लाल जमीन, तीवर हिरव्या वेली, काशानच्या धर्तीचा. चाची शेजारी बसून नक्षी मोठ्याने सांगायची आणि लोकरीचा धागा त्यांच्या हातात द्यायची. आम्ही शेजारी चेष्टा करायचो, "चाचा, स्वतःच्या हाताने धागाही घेववत नाही का?" चाची लाजायची. चाचा हसायचे नाहीत.

गालिचा निम्म्यावर असताना चाची काविळीने गेली.

पारोळ्याला दिलेली मुलगी सलमा चाळिसाव्या दिवसाच्या फातिहापर्यंत राहिली. तिने घर घासूनपुसून लख्ख केलं, लोकरीच्या टोपल्याही आवरून ठेवल्या. ती गेल्यावर चाचा दार लावून मागावर बसू लागले. धागे द्यायला मी येऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "ती जागा तिनी शे."

पावसाळा सरता सरता त्यांनी मला हाक मारली. गालिचा मागावरून उतरवून पसरला होता. खालचा अर्धा भाग देखणा होता. तिथून वर मात्र जमीन हिरवी आणि वेली रक्तासारख्या लाल!

चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गुडघे टेकून खाली बसले.

"माले लाल न हिरवा येकच दखास, बाई. लहानपनपासून. फक्त तिले माहीत व्हतं. ती लाल डाव्या टोपलीमा ठेये."

सलमाने टोपल्या आवरल्या तेव्हा डावीतली लोकर उजवीत आणि उजवीतली डावीत गेली होती. ज्या घरात एका बाईच्या हातावर सगळे रंग उभे होते, तिथे हे लेकीलाही ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"सलमाले सांगू नको," चाचा म्हणाले. गालिचा उलटा करून त्यांनी पाठीवर हात फिरवला. "गाठ तर आठेबी सारखीच शे न तठेबी. तुनी चाची कोठे सरनी, माले समजत नही. कथाईन रंग बदलना, तठे मना बोट ठेव."

मी सुलट बाजू पाहून ती ओळ शोधली आणि त्यांचं बोट धरून पाठीवर टेकवलं. तिथे त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची एक जाड गाठ मारली. "आठेपर्यंत ती व्हती," ते म्हणाले.

ईदला आलेली सलमा गालिचा पाहून चमकली. "अब्बा, हाई काय?" चाचा म्हणाले, "तब्रीजनी येगळी, काशाननी येगळी, हाई धुळ्यानी चाल शे बेटी." सलमा हसली. मी चहाच्या निमित्ताने आत गेले.

त्यानंतर चाचांनी दुसऱ्यांचे गालिचे घेणं बंद केलं. आपला गालिचा उलटा अंथरून ते त्यावरच पडून राहायचे. हिवाळ्यात एका सकाळी दार उघडेना, तेव्हा मोहल्ल्यातल्या लोकांनी ते काढलं. चाचा कुशीवर निजल्यासारखे होते.

त्यांना उचलून नेल्यावर गालिचा गुंडाळताना सलमाने विचारलं, "ताई, एवढ्या गालिच्यात ही एकच काळी गाठ कशाला मारली असेल?"

मी पाहिलं. बोटं फिरून फिरून पांढरा दोरा काळा पडला होता.