पाटावरची सीट

निवृत्त झाल्यावर पुण्यातले पुरुष काय काय करतात, याचा मला दांडगा अनुभव आहे. कोणी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो, कोणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर पाळत ठेवतो. आमच्या ह्यांनी गाडी बांधायला घेतली. सुट्या भागांचा एक संच मागवला, पार्किंगमधून आमची धड चालणारी गाडी बाहेर काढली आणि तिथे तो लोखंडी सांगाडा आणून ठेवला. याला किट कार म्हणतात, असं मला सांगण्यात आलं. "आणि आपली गाडी कुठे लावायची?" मी विचारलं. "रस्त्यावर," हे म्हणाले, जसं काही मीच खुळचट प्रश्न विचारला होता.

हे आयुष्यभर कारखान्यात होते, पण खरेदी विभागात. पाने-पकडी मागवायचे, हातात धरायची वेळ कधी आली नाही. पदवी मात्र इंजिनिअरची, त्यामुळे घरातला दिवा बदलतानाही त्या पदवीची आठवण आम्हाला करून दिली जाते. मदतीला सकाळच्या फिरण्यातले तीन मित्र होते. तिघेही निवृत्त, तिघांनाही घरी कोणी विचारत नाही. मी त्यांना कमिटी म्हणायचे. कमिटी चहाच्या वेळेला न चुकता हजर व्हायची, हात मागे बांधून सांगाड्याभोवती उभी राहायची आणि दुसऱ्यानं काय करायला हवं ते सांगायची.

सगळ्यात आधी काय झालं असेल, तर रंग. इंजिन बसायचं होतं, तारा लोंबकळत होत्या, पण सांगाड्याला गडद हिरवा रंग देऊन झाला. त्यावर तीन-तीन हात फिरले. त्या रंगाकडे हे ज्या मायेनं बघायचे, त्या मायेनं त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मग सीटा आल्या. जुन्या बाजारातून दोन आणल्या, छान शिवून घेतल्या, आणि त्या बसवायच्या कशा यावर कमिटीची बैठक भरली. गाडीचा तळ म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. माझा पोह्यांचा डबा त्याच्यापेक्षा जाड आहे. सीट त्या पत्र्याखालच्या लोखंडी नळ्यांना आवळायला हवी, हे संचाबरोबर आलेल्या चित्रातसुद्धा दिसत होतं. पण सीटची भोकं आणि नळ्या जुळेनात. जुळवायच्या तर आडव्या नळ्या वेल्ड कराव्या लागणार, आणि वेल्डिंग केलं की रंग जळणार. रंग जळणार म्हटल्यावर विषय संपला. बोल्ट नुसत्या पत्र्यातून खाली घातले आणि रुपयाएवढ्या चकत्या लावून आवळले.

तेवढ्यावरच थांबते तर मी बोलले नसते. ह्यांचं ह्यांनी बसावं आणि पडावं. पण आमच्या घरात एक रीत आहे. घरात कुठलंही नवं वाहन आलं की पहिली फेरी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची. सासऱ्यांच्या स्कूटरपासून ही रीत चालत आलेली. आता सगळ्यात मोठ्या म्हणजे सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मला सासूबाई आवडतात. आमच्या पिढीतली बाई हे सहसा बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. त्यांना काही झालेलं मला चालणार नव्हतं.

सीट इतकी खाली होती की त्या गुडघ्यांनी तिच्यात बसणं शक्य नव्हतं. उंची हवी होती. कमिटीनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातून पाट मागवला. जेवायला बसायचा, शिसवी, ह्यांच्या मुंजीतला. तो सीटखाली घातला, त्याला चार भोकं पाडली आणि लांब बोल्ट पाटातून त्याच पत्र्यात उतरवले.

"शिसवी आहे," कमिटीतले एक म्हणाले. "हत्ती बसला तरी मोडणार नाही."

मग सीटची परीक्षा झाली. चौघे आळीपाळीनं तिच्यात बसले. एकानं तर बसल्या बसल्या उड्या मारून बघितल्या. सीट हलली नाही. झालं, पास.

मी आयुष्यभर स्वारगेटच्या बसमधून उभ्यानं ये-जा करत नोकरी केली. ब्रेक लागल्यावर माणूस खाली दाबला जात नाही, पुढे फेकला जातो, हे समजायला मला पदवी लागली नाही. मी म्हणाले, "बसून काय बघताय? बसायला तर माझी आरामखुर्चीही चालते, ती काय आवळलेली आहे? ओढून बघा."

"अगं, सीट बसण्यासाठी असते," हे म्हणाले. "आणि पट्टा आहे ना."

पट्टा होता. तो सीटलाच अडकवलेला होता. म्हणजे सासूबाई पट्ट्याला, पट्टा सीटला, सीट पाटाला, पाट पत्र्याला आणि पत्रा देवाच्या भरवशावर. हे मी बोलून दाखवलं. कमिटीनं माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसून घेतलं आणि आणखी चहा मागितला.

असली गाडी रस्त्यावर न्यायची परवानगी नाही. म्हणून ती टेम्पोत चढवून शहराबाहेर मांजरी गावाला नेली. आपल्या पायांनी न चालणारी गाडी मी पहिल्यांदाच बघितली. तिथे ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा ऊस आहे आणि उसातून विहिरीच्या पंपापर्यंत सरळ कच्चा रस्ता आहे. गाडी उतरवली, हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. सासूबाई नवी साडी नेसून, काठी टेकत गाडीपाशी आल्या. मी दार धरून उभी राहिले.

"आईंच्या आधी पोतं बसेल," मी म्हणाले.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे. पत्र्यावर नाही."

"वहिनी, आम्ही सगळ्यांनी बसून बघितलंय," कमिटी म्हणाली.

सासूबाईंनी काठीनं गाडीच्या तळाला जरासं टोचलं आणि मागे सरकल्या. "बसू दे पोतं आधी," त्या म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे."

शेतमालक लगबगीनं शेडकडे वळले. "पोतं हाय की, वैनी. युरियाचं हाय, भरलेलं."

वजनानं ते सासूबाईंच्या जवळपासच होतं. दोघांनी उचलून सीटवर ठेवलं, पट्टा आवळला. कमिटीतल्या एकानं रीत म्हणून पोत्यालाच कुंकू लावलं. हे तोंड पाडून गाडीत बसले आणि निघाले. पंपापर्यंत हळू गेले. वळून येताना मात्र चेहरा फुलला होता, एक हात बाहेर काढून आम्हाला दाखवत होते आणि गाडी चांगली पळत होती. आमच्या पुढ्यात ऐटीत थांबायचं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम होते, कारण ते तयार आले होते.

तेलाचा डबा कापताना होतो तसा आवाज झाला. सीट, पाट आणि पोतं सगळं एकदम उखडून पुढच्या काचेवर गेलं. पोतं फुटलं, पांढरे दाणे हिरव्या रंगावर पसरले. पट्टा पोत्याभोवती आवळलेलाच होता, त्यानं शेवटपर्यंत साथ सोडली नव्हती. तळाला चार जागी पत्रा फाटून वर आला होता. पाटाला ओरखडाही नव्हता. हत्ती बसला असता तरी तो मोडला नसता, हे खरंच होतं.

मग कमिटीतले एक म्हणाले, "ब्रेक जरा जोरात लागला."

"मग काय, पत्र्याला विचारून लावायचा?" मी म्हणाले. मला हसू येत नव्हतं. सासूबाई त्या फुटलेल्या पोत्याकडे बघत उभ्या होत्या.

त्यानंतर कमिटीचा चहा मी बंद केला. ह्यांनी वेल्डिंगवाल्याकडून आडव्या नळ्या घालून घेतल्या, सीटखाली त्याच नळ्यांवर लोखंडी चौकट उभी केली, पट्ट्याची टोकं सीटवरून काढून सांगाड्याला बांधली. रंग जळला. चांगला वीतभर जळला. मग मला खाली बोलावून म्हणाले, "ओढून बघ." मी पाय रोवून, इतक्या वर्षांचा सगळा राग काढून ओढलं. सीट हलली नाही. "बरं आहे," मी म्हणाले. आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. सासूबाई मांजरीला जाऊन पंपापर्यंत फेरी मारून आल्या. धक्के फार बसतात म्हणाल्या.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला ह्यांना तेल लावायला पाट मांडला, तो नेमका चार भोकांचा. "दुसरा घ्या की," हे म्हणाले. "हाच बरा आहे," सासूबाई म्हणाल्या. "बस."

हे बसले. सासूबाई खुर्चीत बसून त्यांच्या डोक्यावर तेल घालत होत्या, मी शेजारी उटणं कालवत होते. जरा वेळानं ह्यांनी विचारलं, "आई, पोतं नसतं तर तू बसली असतीस त्या दिवशी?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. मी काठीनं टोचून बघितला होता तो पत्रा. डुगडुगत होता."

"मग?"

"मग काय. तू 'बस' म्हणाला असतास."

प्रत्येक गोष्टीवर उत्तर असणारा हा माणूस भोकांमध्ये बोट घालून बसला होता. माझं उटणं केव्हाच कालवून झालं होतं, तरी मी ढवळत राहिले.

"मान खाली घाल," सासूबाई म्हणाल्या. ह्यांची मान खालीच होती.