एपिडॉरसची वरची पायरी

डिसेंबरात न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्याची सुट्टी लागते. शेजारीपाजारी टॉग्ज (पोहायचे कपडे) आणि जँडल्स (रबरी चपला) गाडीत टाकून समुद्राकडे सुटतात. त्या वर्षी आम्ही मात्र लोकरीचे कोट बॅगांत कोंबून आमच्या अप्पर हट गावाहून ग्रीसला निघालो.

निमित्त सानिकाचं, आमच्या मुलीचं. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने ग्रीक आणि रोमन इतिहासाचा विषय घेतला तेव्हा मी दोन महिने तिच्याशी धड बोललो नव्हतो. मी स्वतः इंजिनियर. पोरीने भौतिकशास्त्र सोडून मोडके खांब पाहावेत हे मला झेपेना. पुढे ड्युनेडिनच्या विद्यापीठातही तिने तोच विषय निवडला आणि मी हात टेकले. तिची परीक्षा झाल्या झाल्या मी तिकिटं समोर ठेवली. सानिका म्हणाली, "वॉव, बाबा. थँक्स." मेधा, माझी बायको, तिकिटांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एकदा विचारायचं तरी होतंस." मी ते ऐकून सोडून दिलं.

अथेन्समध्ये पाऊस होता. ॲक्रोपोलिसच्या गुळगुळीत दगडांवरून पर्यटक बदकासारखे चालत होते. सानिका प्रत्येक खांबापुढे थांबायची आणि मी घड्याळ दाखवायचो. सहा दिवसांचं वेळापत्रक मी तासांनुसार आखलं होतं, आणि पहिल्याच दिवशी आम्ही चाळीस मिनिटं मागे पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन मायसीनीच्या प्राचीन अवशेषांकडे निघालो. तिथला सिंहांचा दरवाजा पाहणं हे सानिकाचं वर्षभराचं स्वप्न. कॉरिंथनंतर मी चुकीच्या फाट्याला वळलो. मेधा म्हणाली, "त्या पेट्रोल पंपावर विचार ना." मी म्हणालो, "नकाशा आहे माझ्याकडे." नकाशा होता, रस्ता नव्हता. पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. हिवाळ्यात तिथे तीनलाच कुलूप लागतं. पहारेकऱ्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "आव्रिओ" (उद्या).

"उद्या येऊ या?" सानिकाने विचारलं.

"उद्या एपिडॉरस आहे," मी म्हणालो.

तारेच्या कुंपणाला नाक लावून तिने टेकडीवरचा दगडी ढीग पाहिला आणि गाडीत येऊन बसली.

नाफ्लियोच्या लॉजमध्ये रात्र काढून सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना संत्र्यांनी लगडलेल्या बागा, पुढे टेकड्यांवर ऑलिव्हची राखाडी-हिरवी झाडी. एका अरुंद वळणावर माझ्या हातांनी सवयीने न्यूझीलंडची डावी बाजू धरली. समोरून ट्रॅक्टर आला. मी गाडी कशीबशी काढली ती थेट चरात.

लागलं कोणाला नाही. शेजारच्याच बागेत ऑलिव्हची तोडणी चालली होती. झाडांखाली जाळी पसरलेली, माणसं काठ्यांनी फांद्या झोडपत होती. ट्रॅक्टरवाला दोरखंड आणायला गेला, तोवर एका म्हातारीने आम्हाला बोलावलं. तिने मेलबर्नला अनेक वर्षं शिवणकाम केलं होतं, त्यामुळे इंग्रजी फर्डं. गरम पाव, नवं हिरवं तेल आणि लिंबू पिळलेली उकडलेली होर्ता (रानभाजी) असं तिने पुढ्यात ठेवलं. तेल घशात मिरीसारखं झोंबलं.

मेधा पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. न्यूझीलंडला आल्यापासून एका दुकानात गल्ल्यावर बसते. तिने भाजीतलं एक पान बोटावर घेऊन निरखलं. "ही तर आपल्याकडची पुहा. माओरी लोक खातात ती."

म्हातारीने तिला हाताला धरून बांधावर नेलं. दोघी उकिडव्या बसून पानं खुडत, वास घेत, हसत राहिल्या. मेधाला असं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं ते मला आठवेना. गाडी चरातून बाहेर निघाल्यावर मी घड्याळ दाखवत हाक मारली. म्हातारी मेधाला म्हणाली, "तुझा नवरा कशाला घाबरतो गं एवढा?" मेधा म्हणाली, "मी कधी विचारलं नाही."

एपिडॉरसला पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि चिटपाखरू नव्हतं. म्हातारीच्या त्या प्रश्नाने माझं डोकं तापलेलं. "तुम्ही फिरा, मी म्युझियममध्ये बसतो," असं सांगून मी निघालो. पण म्युझियममध्ये न जाता कडेच्या पायऱ्यांनी तिथल्या प्राचीन उघड्या नाट्यगृहाच्या अगदी वरच्या ओळीत जाऊन एका पाइनखाली बसलो.

पंचावन्न ओळी खाली गोल रंगभूमी. थोड्या वेळाने तिथे दोघी आल्या. सानिका मेधाला मधल्या दगडावर घेऊन गेली. इथे मध्यभागी बोललेलं शेवटच्या पायरीपर्यंत पोचतं, हे तिनेच मला विमानात सांगितलं होतं. मी म्युझियममध्ये आहे असं त्यांना वाटत होतं.

"आई, व्हेन आर यू टेलिंग हिम?"

"घरी गेल्यावर. सहल होऊ दे. एवढी हौसेने आखलीय त्याने, तेवढं तरी असू दे त्याला."

"अँड द जॉब?"

"फेब्रुवारीपासून. रोपवाटिकेत. आपण दोघी बरोबरच जाऊ ड्युनेडिनला."

"विल ही बी ओके?"

मेधा म्हणाली, "आपण गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ऑफिसची सहा चाळीसचीच ट्रेन पकडेल तो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी उठून ओरडलो असतो. मी मागच्या बाजूने घसरत, चिखल तुडवत खाली उतरलो आणि वळसा घालून समोरून आलो.

"वर चढला नाहीस?" मेधाने विचारलं.

"गुडघा दुखतोय," मी म्हणालो.

उरलेले दिवस वेळापत्रकाप्रमाणे पार पडले. मी कुठेही घाई केली नाही. सानिकाने दोनदा विचारलं, "बाबा, यू ऑलराइट?"

परतताना ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने "किया ओरा" (नमस्कार) म्हणत आमचे बूट मागितले. परदेशी माती देशात येऊ देत नाहीत. बूट धुऊन, पिशवीत घालून त्याने परत दिले. पुढच्या विमानाला तीन तास होते. सानिका झोपली. मेधा माझ्या शेजारी कॉफी घेऊन बसली होती.

मी म्हणालो, "ड्युनेडिनला तुमच्यासाठी घर बघायला कधी जायचं?"

तिने कप खाली ठेवला. मला कसं कळलं हे तिने विचारलं नाही.

"बघून झालंय," ती म्हणाली. "सप्टेंबरातच."

सप्टेंबरात मी ग्रीसची तिकिटं काढत होतो. त्या दोघींना मी सहलीला नेतोय, असं मला सगळा वेळ वाटत होतं. खरं तर त्याच माझं मन राखायला माझ्याबरोबर आल्या होत्या.