दोन सैनिकांमधलं निशाण

त्या आठवड्यात आमचे हे एका जागी टेकले असतील तर शपथ! उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. समोर चहा गार. "अहो, बसा की जरा," म्हटलं तर वसकन अंगावर आले.

यांचं आयुष्य गेलं संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, रोमन लोकांच्या पडत्या काळातली ब्राँझची नाणी ओळखण्यात. नखाएवढी, हिरवी-काळी, घरात पडली असती तर मी केरात लोटली असती. यांना अर्ध्या अक्षरावरून टांकसाळ कळते. त्यामुळे चूक कबूल करणं हा प्रकारच नाही. छत्री हरवली तरी ती छत्रीची चूक!

आता लेकही त्याच खोलीत काम करते. बापलेकीचं वाजलं ते एका नाण्यावरून. त्यावर दोन सैनिक उभे. मधे निशाणं दोन असली तर नाणं आधीचं, एकच असलं तर काही वर्षं नंतरचं. म्हणजे ज्या मडक्यात ते सापडलं, तेही नंतर पुरलेलं. लेक म्हणाली, एक. हे म्हणाले, दोन. सोमवारी तिला ते सगळ्या तज्ज्ञ मंडळींसमोर मांडायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

"बाबा, हात लावू नका. त्या हिरव्या थरातच चित्र उरलंय," तिने बजावलं होतं. तिला हे शिकवलं कोणी? यांनीच!

रविवारी हे "जरा संग्रहालयात जाऊन येतो" म्हणून गेले आणि तोंड पाडून परत आले. सुईने जरासं उकरायला गेले, तर पापुद्राच उडाला. नाणं गुळगुळीत.

"काय केलंत हो हे! पोरीचं काय आता?" मी कडाडले.

"उडायच्या आधी दिसलं मला," हे पुटपुटले. "एकच होतं."

"मग सांगा तिला!"

हे नुसते येरझारा घालत राहिले. थर आपोआप गेला म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं यांना?

सोमवारी मी सभागृहात मागे बसले होते. लेकीने सगळ्यांसमोर डबी उघडली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "यावर तर काहीच नाही."

हे उभे राहिले. "नाणं मी बिघडवलं. तिने नको म्हटलं होतं. निशाण एकच होतं, मी पाहिलंय. माझा शब्द घ्या."

लेकीचे डोळे भरले होते, आवाज मात्र ताठ. "नुसत्या शब्दावर नाही चालणार, बाबा, तुम्हीच शिकवलंय. हे नाणं मी पुराव्यात धरत नाही." आणि तिने डबी मिटली.

मला असा राग आला तिचा! वळून यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत अगदी स्वस्थ टेकले होते, डोळे पुसत होते आणि चक्क हसत होते.