यादीत पहिली ताईची लायब्ररी

गाडी खोलून पुन्हा जोडली की एखादा नट हातात उरतोच. गाडी नीट चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण तो नट कुठला होता ते कळत नाही. टाकूनही देववत नाही. मी तो पत्र्याच्या डब्यात टाकतो. माझ्या गॅरेजच्या वरच्या खोलीतले किस्से माझ्याकडे असेच साठले. तिथल्या कामातलं मला काही कळत नव्हतं. आठवीत शाळा सुटली माझी. पण ऐकलेलं टाकून देता आलं नाही. ताई जाऊन आज चोवीस दिवस झाले. आज डबा उपडा करून बसलो आहे.

आधी खोलीचं सांगतो. वरठीत स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोटरसायकलचं गॅरेज, त्याच्या डोक्यावर ही खोली. कंपनीने घरून काम करा म्हटल्यावर तिघांनी मिळून ती भाड्याने घेतली, कारण घरी कुणाचंच इंटरनेट टिकत नव्हतं. एक माझी मोठी बहीण सुजाता. दुसरे पवनीचे निमजेभाऊ, त्यांच्या घरी अजून हातमाग चालतो. तिसरा साकोलीचा कापगते, सगळ्यात नवा. तिघं एका बँकेच्या मेनफ्रेमवर काम करायचे. मेनफ्रेम म्हणजे फार मोठा कॉम्प्युटर, दूर कुठल्या तरी शहरात ठेवलेला. आमच्या खोलीत त्याचा फक्त काळा पडदा आणि हिरवी अक्षरं यायची.

पहिल्याच आठवड्यात मी ताईला विचारलं, "तू दिवसभर काय करून राहिली वर?"

"लायब्ऱ्या लावून राहिली."

"पुस्तकं?"

"नाही बावा. स्क्रिप्टा, म्हणजे मशीनसाठी लिहून ठेवलेले हुकूम, ते ठेवायच्या पेट्या समज. सकाळी लॉगिन केलं का मशीनले सांगा लागते, या-या पेट्या उघडून ठेव, अन् या क्रमानं ठेव. मंग मी स्क्रिप्टचं नाव घेतलं का ते पहिल्या पेटीत पाहते. भेटली का थांबते. नाही भेटली तर दुसरीत."

"अन् कोणत्याच पेटीत नाही भेटली तर?"

"तर म्हणते, अशी काही चीज नसतेच."

हे मला लगेच समजलं. आमच्या स्पेअर पार्टवाल्याचं असंच आहे. त्याच्या दुकानात नाही, म्हणजे तो पार्ट कंपनीने कधी काढलाच नाही.

*

एकदा कापगतेचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती करायचा, चालवायचा, उत्तर जुनंच. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्याने स्क्रिप्टमधलं सगळं पुसून फक्त एक ओळ ठेवली, तरी उत्तर जुनंच! मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला वर गेलो होतो.

"दादा, मशीन बिघडली," तो मला म्हणाला. मी मेकॅनिक, म्हणून मला.

माझ्या अवजारांच्या पेटीत वरच्या ट्रेमध्ये दहा नंबरचा एक घासलेला पाना आहे. खालच्या ट्रेमध्ये नवा आहे. हात दर वेळी घासलेल्यावरच जातो. मी आपलं म्हटलं, "वरच्या ट्रेमध्ये जुनी पडून नाही ना?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. निमजेभाऊंनी यादी उघडली. कापगतेच्या लायब्ररीच्या वर दुसरी एक लायब्ररी लावलेली होती आणि तिच्यात त्याच नावाची जुनी स्क्रिप्ट होती. मशीनला ती आधी सापडायची, की खाली बघणं बंद. कापगते सकाळपासून अशी स्क्रिप्ट दुरुस्त करत होता, जिच्याकडे मशीनने एकदाही पाहिलं नव्हतं.

"याले आठवीत कोणी सोडू देल्लं?" ताई म्हणाली.

"तूच पोचवायला येत होती ना शाळेत," मी म्हटलं. "मी मागच्या दारानं निघत होतो."

मग तिने कापगतेला आमच्या मामाचं उदाहरण दिलं. मामाचं गाव जिल्हा फुटला तेव्हा गोंदियात गेलं. आई तरी पत्रावर 'जिल्हा भंडारा' असंच लिहायची. पत्र आधी भंडाऱ्यात फिरायचं, मग तिकडे जायचं. "अन् आईचंच पाह्य ना," ताई मला म्हणाली, "तुले बोलवायचं असलं तरी पहिले माह्यं नाव निघते. सुजा... अं... राहुल."

अजूनही तसंच निघतं.

*

त्याच कापगतेचा दुसरा पराक्रम. यादीत आपली लायब्ररी जोडायची होती. जोडायच्या ऐवजी त्याने यादीच बदलून टाकली. आता यादीत फक्त त्याची एकट्याची लायब्ररी, बाकी सगळ्या गेल्या. मेनूची स्क्रिप्ट म्हणे नसतेच. छापायची स्क्रिप्ट नसतेच. यादी पहिल्यासारखी करून देणारी एक स्क्रिप्ट होती, ती बोलावली. तीही नसतेच.

निमजेभाऊ मान वर न करता म्हणाले, "आपल्या घरचेच तेवढे मांडवात बसवले, अन् आता विचारून राहिला नवरी कुठं हाय."

ताईने त्याला सेशन बंद करून पुन्हा उघडायला लावलं. सगळं जागेवर आलं. मला याचं फार नवल वाटलं. एवढा गोंधळ, आणि नुसतं बाहेर जाऊन परत आलं की काहीच घडलेलं नाही. मी ताईला विचारलं, "कायम असंच होते का?"

"यादीचं होते. ते तेवढ्या सेशनपुरतीच असते," ती म्हणाली. "पेटीच कोणी फेकून देल्ली तर नाही होत."

*

ताईचा एक नियम होता. स्क्रिप्टने काम सुरू करताना जेवढ्या लायब्ऱ्या लावल्या, तेवढ्या काम संपताना काढूनच बाहेर यायचं. दुसऱ्याला अडचण नको. कापगते विसरला की ती फक्त जिन्यात उभी राहून त्याच्या चपलांकडे बघायची. एक पायरीवर, एक खाली माझ्या गॅरेजात. तो मुकाट्याने आत जाऊन लायब्ऱ्या काढायचा, येताना चपलाही जोडून ठेवायचा.

आणि हाच नियम एक दिवस तिने स्वतः मोडला. टीमच्या मोठ्या लायब्ररीत साफसफाई करायची होती. त्यासाठी ती लायब्ररी एकट्याच्या नावावर धरावी लागते. धरली की बाकीच्यांना थांबावं लागतं. दोन मिनिटांचं काम. ताईने लायब्ररी धरली, साफ केली, आणि सोडायची विसरून खाली आली. त्या दिवशी आईने वडाभात केला होता. आम्ही बहीणभाऊ गॅरेजातच डबा उघडून बसलो.

त्यांच्या कंपनीची बाकीची टीम पुण्यात बसायची, ती सगळी अडकली. प्रत्येकाच्या पडद्यावर एकच ओळ, की ही लायब्ररी सुजाता वापरत आहे. पुण्याच्या साहेबांचा फोन आला. माणूस मोठा सभ्य.

"मॅडम, आम्ही सगळे तुमचं जेवण होण्याची वाट बघतोय."

ताईच्या तोंडात घास होता. घाईत आमचीच भाषा निघाली. "मंग या ना जेवायले."

*

ताईच्या स्क्रिप्टा चांगल्या असत. हळूहळू पुण्यातल्यांनीही आपापल्या यादीत तिची लायब्ररी सगळ्यात वर लावून घेतली. तिची सुधारलेली स्क्रिप्ट आधी मिळावी म्हणून. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं.

एकदा काहीतरी तपासायला म्हणून तिने आपल्या लायब्ररीत सकाळच्या मेनूच्याच नावाची एक छोटी स्क्रिप्ट ठेवली. तिचं काम एवढंच, की पडद्यावर एक ओळ दाखवायची. ओळ इंग्रजी अक्षरांत होती, पण भाषा आपली. 'काय करून राहिला बे?'

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात ज्याने-ज्याने मेनू बोलावला, त्याला मेनूने हेच विचारलं.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, मला बे कोण म्हणालं?"

"मशीन, सर," ताई म्हणाली.

ती स्क्रिप्ट काढून टाकल्यावर ताई इतकी हसली की जिन्यावर बसून राहिली. मी खालून विचारलं, काय झालं? हात हलवून म्हणाली, नंतर सांगतो. सांगितलं नाही. मला हे निमजेभाऊंकडून कळलं, ती गेल्यावर.

*

ताईला आठ दिवस ताप होता. आधी भंडाऱ्याला नेलं, मग नागपूरला. नागपूरला जाताना अँब्युलन्समध्ये मला म्हणाली, "बॅटरीतलं पाणी पाह्यत जाजो." एवढंच.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर निमजेभाऊ आमच्या घरी थांबले. बराच वेळ कप हातात धरून बसले. मग म्हणाले, "राहुल, शुक्रवारी बारा वाजता तिचं लॉगिन बंद होईल. तिच्या नावाची लायब्ररीही जाईल. कंपनीचा नियम हाय. सगळ्यांच्या यादीत ते वर हाय, अन् यादीतली एक पेटी जरी जागेवर नसली तरी सकाळी कोणाचंच सुरू नाही होणार. म्हणून तिच्या स्क्रिप्टा मी टीमच्या लायब्ररीत हलवून राहिलो."

"म्हणजे स्क्रिप्टा राहतील?"

"राहतील."

"अन् नाव?"

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांना नको ते बोललो. ते इथे लिहीत नाही. निमजेभाऊ ऐकून घेत राहिले, आणि जाताना कप स्वतः विसळून ठेवला.

शुक्रवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना मी हातातला पाना टाकून वर गेलो. कुणाला काही न विचारता मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरची वायर काढली. इंटरनेटच्या डब्याची वायर ओढली ती तुटूनच हातात आली. पंखा थांबला, तिन्ही पडदे विझले. तिसरा ताईचा, तो निमजेभाऊ रोज सुरू करून ठेवायचे. मी दारात उभा राहिलो. आता कोण कसं काढतं तिचं नाव, बघतो.

कापगते उठला. निमजेभाऊंनी त्याला हाताने खाली बसवलं.

"बावा," ते मला म्हणाले, "मशीन इथं नाही ना."

"मंग कुठं हाय? मी जातो तिथं."

"मलेही नाही माहीत. चौदा वर्षं झाली, मीही नाही पाह्यलं."

बारा वाजून गेले. मी खाली जाऊन नवी वायर आणली आणि जोडून दिली. कापगतेने रुमाल काढून इंटरनेटच्या डब्यावरचे माझ्या ग्रीसच्या बोटांचे ठसे पुसले.

*

हा किस्सा काल सकाळचा. मी बॅटरीत पाणी टाकत होतो. निमजेभाऊंचा फोन टेबलावर होता, आवाज मोठा करून ठेवलेला. पलीकडे पुण्याची एक नवी मुलगी.

"सर, टीमची यादी बघतेय. त्यात सगळ्यात वर सुजाता नावाची लायब्ररी आहे. सोमवारी बनवलेली आहे, तुमच्या लॉगिनने."

"हो."

"पण आत काहीच नाहीये. एकही स्क्रिप्ट नाही."

"हो."

"म्हणजे आपण काहीही मागितलं की मशीन आधी तिथे जाऊन बघतं, काही सापडत नाही, मग पुढे जातं. सगळ्यांचंच, दर वेळी. काढून टाकू का? उगाच वेळ जातो."

निमजेभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती जातो?"

पलीकडून तिच्या कीबोर्डचा आवाज आला. काहीतरी बघत असावी.

"मोजता येणार नाही इतका, सर."

"मंग राहू दे."