पूर्णविराम सरांची मध्यवर्ती कल्पना

आमच्या मराठीच्या सरांना कुणी एका शब्दात उत्तर दिलं, की ते हात कानामागे धरून तसेच उभे राहत. पुढे काही येणार नाही, हे त्यांना माहीत असे; तरी उभे राहत. वाक्य पुरं होईपर्यंत त्यांची सुटका नसे आणि आमचीही. म्हणून औशाच्या शाळेत त्यांचं नाव पडलं पूर्णविराम सर.

धड्याची मध्यवर्ती कल्पना विचारली, की आम्ही 'त्याग', 'मातृप्रेम' असलं काहीतरी ठोकून द्यायचो. शब्बीर एकदा 'त्याग' म्हणाला. सर म्हणाले, "त्यागाचं काय? केला, का करायला लावला? ही नुसती दुकानाची पाटी झाली. आत माल काय हाय?" मी हुशारी करून 'नेहमी खरे बोलावे' असं लिहिलं.

"वा. एस.टी.त लिहितात ना, धूम्रपान करू नये, तसं झालं. कथा हुकूम सोडत न्हाई, लेका. खरं बोलल्यावर माणसाचं काय होतं, ते दाखवती. तुला काय दिसलं, ते एका वाक्यात सांग. अन् ते आपल्या गल्लीतबी लागू पडलं पाहिजे."

त्या वर्षी लातूर नवा जिल्हा झाला आणि पावसाने पाठ फिरवली. गावात पाणी नव्हतं, स्वागताच्या कमानी मात्र भरपूर. टँकरच्या रांगेत सर घागर घेऊन उभे राहत आणि मागच्यापुढच्या पोरांना धडे विचारत. नंबर सोडून पळता येत नसल्याने वर्गापेक्षा तिथली हजेरी चांगली असे.

नव्या जिल्ह्याच्या आनंदात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी एक नाटक लिहिलं. त्यात एक दानशूर पुढारी कोरड्या गावाला विहीर पाडून देतो आणि शेवटी गाव त्याची आरती करतं. पुढारी कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. पडदा पडल्यावर अध्यक्षांनी माईकवरून फर्मावलं, "आता आपले मराठीचे गुरुजी ह्या नाटकाची मध्यवर्ती कल्पना सांगतील."

सर उठले. आमच्या पुढेच बसलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्यांच्याकडे पाहत 'नको' अशी मान हलवली. सर माईकपाशी गेले. मग म्हणाले, "ज्या गावात पाणी देणाऱ्याची आरती होते, तिथं पाणी हक्काचं कधीच होत न्हाई."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात अध्यक्षांनी वाजवल्या. हेडमास्तर कानाशी लागेपर्यंत ते वाजवत होते.

आठवडाभरात सरांची बदली झाली, संस्थेच्याच देवणीकडच्या प्राथमिक शाळेत. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात गुणवत्ता पोहोचावी, एवढाच म्हणे उदात्त हेतू.

बसस्टँडवर काकू ट्रंकेवर बसून म्हणाल्या, "एक वाक्य गिळलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

"काही न्हाई," सर म्हणाले. "पण मग ह्या पोरांना कोणत्या तोंडानं विचारलं असतं?" शब्बीरने ट्रंक टपावर चढवली आणि तो बराच वेळ खाली उतरलाच नाही.

नव्या सरांनी सगळ्या धड्यांच्या मध्यवर्ती कल्पना फळ्यावर लिहून दिल्या. आम्ही त्या पाठ केल्या आणि झकास पास झालो.

परीक्षा संपल्यावर मी आणि शब्बीर सरांना भेटायला गेलो. शाळा लिंबाच्या झाडाखाली भरली होती. चौथीतली एक पोरगी कमरेवर हात ठेवून सरांशी भांडत होती. "न्हाई सर, तुमचं चुकलं. कोल्हा लबाड न्हाई, उपाशी हाय. पोट भरलेल्यांना उपाशी माणूस लबाडच दिसतंय."

सर मातीत मांडी घालून तिचं ऐकत होते. इतके खूश ते आमच्या वर्गात कधी दिसले नव्हते. आम्ही फाटकापाशी कितीतरी वेळ उभे होतो. त्यांचं आमच्याकडे लक्षच गेलं नाही.